पालथं ताट, पान सदतीस

गुलनाजचा निबंध बाद झाला.

हे वाक्य वाचलंच नाही असं समजावं. अजून काहीही झालेलं नाही. अजून ती लोणावळ्यातल्या आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात उभी होती, हातात ‘खिंडीखालचा मुक्काम’ हा कथासंग्रह होता आणि सदतिसाव्या पानावरून तिचं बोट आधी वरून खाली आणि मग खालून वर चाललं होतं. वरून खाली जाताना न सापडलेलं वाक्य खालून वर येताना सापडेल अशी तिला आशा होती.

“सापडलं?” समोर बसलेल्या प्रेरणा मॅडमनी विचारलं.

“मॅडम, इथेच होतं.”

“इथे म्हणजे कुठे?”

“या दोन वाक्यांच्या मध्ये.”

मॅडमनी पुस्तक आपल्याकडे ओढलं आणि चष्मा वर सरकवून पाहिलं. दोन वाक्यांच्या मध्ये एक पूर्णविराम होता. त्यापुढे, कुठल्याही पूर्णविरामापुढे असते तेवढीच मोकळी जागा होती. तेवढ्या जागेत गुलनाजचं वाक्य मावलं नसतं. वाक्य असं होतं: ‘ताट पालथं घातलं म्हणजे माणूस येणार नाही असं नाही. धूळ बसत नाही, एवढंच.’

कथा साधी होती. रतनबाईचा नवरा कामावर जातो आणि परत येत नाही. ती त्याचं ताट रोज पुसते आणि मांडणीवर पालथं घालते. तो येतो की नाही हे लेखक सांगत नाही. रतनबाई दिवा मालवते आणि कथा संपते. गुलनाजचा शेवटच्या वर्षाचा निबंध त्या पालथ्या ताटावर होता. पहिल्या पानाची सुरुवात या वाक्याने होत होती, शेवटच्या पानाचा शेवट या वाक्याने होत होता आणि मधली पानं या दोन टोकांना धरून उभी होती. वाक्य काढलं असतं तर शीर्षक आणि आभार उरले असते.

प्रेरणा मॅडमनी वर्षभर एकच गोष्ट शिकवली होती. अवतरण म्हणजे पाहुणा. त्याला दारात ताटकळत ठेवू नका. हा कोण, कुठून आला, ते आधी सांगा. मग आत घ्या. आणि आत घेतल्यावर त्याला एकटं सोडून स्वयंपाकघरात पळू नका, त्याच्याशी चार शब्द बोला. गुलनाजने हे सगळं केलं होतं. पाहुण्याची ओळख करून दिली होती, त्याला बसवलं होतं, त्याच्याशी पानंच्या पानं बोलली होती. फक्त तो ज्या घरचा म्हणून आणला होता त्या घरचे लोक त्याला ओळखत नव्हते.

“प्रती बांधून वर गेल्यात,” मॅडम म्हणाल्या. “परवा बाहेरचे परीक्षक येणार. ते एकेक अवतरण पुस्तकाशी ताडून बघतात. गेल्या वर्षी त्या गौरवने दोन शब्द पदरचे घातले होते, आठवतं ना?”

गुलनाजला आठवत होतं. गौरव आता सोमाटणे फाट्यावर मोबाइलची कव्हरं विकत होता. धंदा बरा चालला होता, पण तो मुद्दा नव्हता.

मुद्दा असा होता की गुलनाजच्या वडिलांचं कामशेतला तांदळाचं दुकान होतं आणि ते सगळं बोलणं तराजूसारखं दोन पारड्यांत करत. “पास झालीस तर पुणे,” ते म्हणाले होते, “न्हाईतर तांदूळ.” पुणे म्हणजे एम. ए. तांदूळ म्हणजे तांदूळ.

“मी बनवलेलं नाही मॅडम ते वाक्य. मला असलं सुचत नाही.”

“ते मला माहीत आहे,” मॅडम म्हणाल्या. हे दिलासा देणारं होतं की नाही ते गुलनाजला ठरवता आलं नाही. मॅडमनी पुस्तक मिटलं, त्यावर हात ठेवला. “एक होऊ शकतं. ही कथा आधी एखाद्या दिवाळी अंकात आली असेल. पुस्तक करताना लेखकाने हे वाक्य गाळलं असेल. त्याला पाठभेद म्हणतात. लेखकाने तसा दाखला दिला, तर परीक्षकांना मानावा लागेल.”

“लेखक आहेत अजून?”

“कार्ल्याला असतात म्हणे. आहेत की नाही ते जाऊन बघ.”

कॉलेजसाठी गुलनाज भांगरवाडीत आपल्या फुफीकडे राहायची. फुफी म्हणजे मेहमुदा, वडिलांची बहीण. ती बाजारातल्या एका दुकानासाठी घरी चिक्कीची पाकिटं भरून द्यायची. गुलनाज आली तेव्हा ती जमिनीवर पाय पसरून चिक्कीच्या वड्या कागदात बसवत होती.

“काय गं, तोंड करपल्यालं?” फुफी म्हणाली.

गुलनाज भिंतीला टेकून बसली आणि फोन काढला. पुस्तक तिला थोड्याच दिवसांसाठी घरी मिळालं होतं. हाताने उतरवून घ्यायचा कंटाळा, म्हणून तिने ते फोनला मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि फोनने ते टाइप करून घेतलं होतं. त्यातूनच नंतर तिने अवतरणं उचलली होती. तो पहिला, न सुधारलेला मजकूर अजून फोनमध्ये होता. तिने तो उघडला.

‘रतनबाईने ताट पुसले आणि मांडणीवर पालथे घातले हां ताट पालथं घातलं म्हणजे माणूस येणार नाही असं नाही धूळ बसत नाही एवढंच तो गॅस बारीक कर नंतर तिने दिवा मालवला हां’

गुलनाजने ते दोनदा वाचलं. मग फोन पालथा ठेवला.

त्या घरात वाचून दाखवण्याचा एक नियम होता. ऐकणाऱ्याने मधेमधे हां म्हणायचं. हां आलं नाही की वाचणाऱ्याने थांबायचं, कारण झोपलेल्या माणसाला गोष्ट सांगणं ही उधळपट्टी. फुफी नियमाची पक्की होती. ती हां म्हणायची, आणि गोष्ट आवडली तर हांच्या पुढेही काहीबाही म्हणायची. फोनने सगळं इमानाने लिहून घेतलं होतं. शिवाय फोनला मावळची बोली येत नसल्यामुळे फुफीच्या ‘न्हाई’चं त्याने ‘नाही’ केलं होतं आणि तिला एका झटक्यात मराठी कथेत नेऊन बसवलं होतं. साफसफाई करताना गुलनाजने सगळे हां काढले होते, गॅसही काढला होता. हे वाक्य काढावंसं तिला वाटलं नव्हतं. ते कथेतलं सगळ्यात चांगलं वाक्य होतं.

तिने मांडणीकडे पाहिलं. सगळ्यात वरच्या फळीवर एक ताट पालथं होतं. त्याच्या पाठीवर नाव कोरलेलं होतं, मकसूद. ताट पालथं असल्यामुळे नाव वर होतं. मकसूद फुफा, फुफीचे यजमान, कंटेनर घेऊन वापीकडे गेले होते. कंटेनर परत आला.

“फुफी.”

“हां.”

गुलनाजने तोंड उघडलं आणि दुसरंच बोलली. “उद्या कार्ल्याला जायचंय. ती ताटाची गोष्ट लिहिली ना, त्यांच्याकडे.”

“जित्ता हाय त्यो?”

“ते बघायलाच.”

फुफीने हातातली वडी कागदावर ठेवली. “मग मी बी येते. मला एक इचारायचंय त्यास्नी.”

“काय?”

“त्यो येतो का न्हाई शेवटी, त्ये.”

*

लेखक भिमाजी येवले जिवंत होते. ते आपल्या खाचरात राब भाजत होते. शेण, पाला आणि गवताचा थर पसरून पेटवला होता, भाताच्या रोपांसाठी जमीन तयार होत होती आणि सगळा धूर घराकडे येत होता. धुरातून एक उंच म्हातारा बाहेर आला. त्याच्या हातात आग दाबायची ओली फांदी होती.

“कोन पायजे?”

“तुम्हीच, आबा. मी लोणावळ्याहून आले. तुमच्या पुस्तकावर निबंध लिहिलाय.”

म्हाताऱ्याने फांदी खाली टाकली. मग पुन्हा उचलली. मग नीट भिंतीला टेकवून ठेवली.

“माझ्या पुस्तकावर?”

“हो.”

“कुनी लावलं तुला ह्या कामाला?”

“कुणी नाही. मीच निवडलं.”

“का बरं?”

गुलनाजने खरं बोलायचं ठरवलं. पुढे खोटं बोलायचं होतं, तेव्हा थोडं खरं हाताशी असलेलं बरं. “पातळ होतं, आबा.”

“व्हय,” ते विचार करून म्हणाले. “पातळच हाय.”

घरापुढे एकच खुर्ची होती. ती त्यांनी गुलनाजला दिली आणि स्वतः ओट्यावर बसले. फुफी चिक्कीचं पाकीट पोटाशी धरून धुराच्या कडेला उभी राहिली. ही कोण, कुठून आली, हे गुलनाजने सांगितलं नाही. सांगायला गेलं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

तिने निबंधाची प्रत पुढे केली आणि वाक्यावर बोट ठेवलं. भिमाजीआबांनी कागद लांब धरून वाचला. मग जवळ घेऊन वाचला. त्यांच्या अंगठ्याची राख समासात उमटली.

“हे माझं हाय?” त्यांनी विचारलं.

या प्रश्नाची गुलनाजने तयारी केली नव्हती. “तुम्हीच सांगा आबा. पुस्तकात नाहीये. पण आधी अंकात छापली असेल ना गोष्ट, तेव्हा असेल, नंतर गाळलं असेल. असं आमच्या मॅडम म्हणाल्या.”

“मी एसटीत कंडक्टर होतो तवा लिवल्यालं हे. लय लिवलं, लय गाळलं. छापनारा म्हनायचा, पानं वाढत्यात.” ते पुन्हा वाक्याकडे वळले. या वेळी त्यांचे ओठ हलत होते. राबातला जाळ एकदा फडफडला आणि बसला. फुफी खोकली. गुलनाज त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्या चेहऱ्यावर एक माणूस जुन्या घरात शिरून कोनाडे चाचपत होता.

“चांगलं हाय,” ते शेवटी म्हणाले. “येवढं चांगलं हाय म्हंजी माझंच असनार.”

“मग तसं लिहून द्याल?”

“देतो की. लिवायला काय पैसं पडत्यात?”

ते आतून कागद आणि पेन घेऊन आले. जुन्या सवयीने त्यांनी कागद तिकिटासारखा कडेने सरळ फाडून घेतला आणि मांडीवर पाट ठेवून लिहायला बसले. तेवढ्यात फुफी एक पाऊल पुढे आली.

“आबा, येक इचारू?”

“इचारा की, ताई.”

“रतनबाईचा नवरा. त्यो येतो का न्हाई?”

“कुटं येतोय,” भिमाजीआबा कागदावरून मान न उचलता म्हणाले. “गेला की त्यो.”

“गोष्टीत तर तसं न्हाई लिवलं.”

“लिवायचं कशाला, कळतंयच. ताट पालथं पडलं म्हंजी काम संपलं.”

“हां,” फुफी म्हणाली.

“आता ह्येच बघा की. काय म्हनलंय मी? ‘धूळ बसत न्हाई, येवढंच.’ येवढंच म्हंजी काय? म्हंजी आता दारातनं फकस्त धूळच यायची ऱ्हायलीय. दुसरं कोन बी न्हाई यायचं. आशा सोडली बाईनं.”

हां आलं नाही. फुफीच्या घरचा नियम भिमाजीआबांना माहीत नव्हता, त्यामुळे ते थांबले नाहीत. आपलं वाक्य त्यांना नव्यानेच समजत होतं आणि ते खुश होते. आशा सुटली की बाई कशी शांत होते, हे त्यांनी सांगितलं. मग तेही दाखल्यात घातलेलं बरं, परीक्षकाला सोपं जाईल, असं म्हणून घातलं आणि गुलनाजला वाचून दाखवलं: ‘सदर वाक्य माझेच असून पुस्तक छापतेवेळी जागेअभावी गाळले गेले. नायिकेने आशा सोडली, असा त्याचा अर्थ आहे.’ खाली सही. सहीच्या शेजारी, मागितलेला नसताना, राखेचा अंगठा.

फुफीने चिक्कीचं पाकीट ओट्यावर ठेवलं. ठेवताना ते तिच्या हातून आडवं पडलं आणि तिने ते तसंच राहू दिलं.

कार्ला फाट्यावर बसची वाट बघत दोघी उभ्या होत्या. रस्त्यावरून कंटेनर जात होते. एरवी फुफी प्रत्येक कंटेनरच्या केबिनकडे बघायची. इतक्या सवयीने की तिचं तिलाही कळत नसावं. आज ती समोरच्या भेळेच्या गाड्याकडे बघत होती.

“तुला पायजे त्ये गावलं न्हवं?”

“हो.”

“झालं तर मग.”

एक कंटेनर गेला. मग दुसरा.

“मी बी कायतरी असंच म्हनले होते वाटतं,” फुफी म्हणाली. “तू वाचत होतीस तवा.”

“हां.”

“पर मी आपलं येगळ्या अर्थानं म्हनले होते.”

गुलनाजने पिशवीत हात घालून दाखला चाचपला. तो होता.

“जाऊ दे,” फुफी म्हणाली. “त्यास्नी लिवता येतंय. लिवनारा म्हनतो म्हंजी तसंच असंल.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलनाज आवरून जेवायला बसली. तोंडी परीक्षा दुपारची होती. दाखला तिने रात्रीच पारदर्शक फोल्डरमध्ये घालून ठेवला होता. फुफीने भाकरी, पिठलं आणि कांदा वाढला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि पाठ फिरवून चिक्कीच्या पाकिटांकडे गेली.

गुलनाजने भाकरी मोडली. मग तिला ताटाची कड वेगळी वाटली. घरातली बाकीची ताटं सपाट काठाची होती. याचा काठ दुमडलेला होता. तिने वर पाहिलं. मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर ताटाची जागा रिकामी होती.

“फुफी, हे ताट.”

“घेतलं वापरात. नुसतं पडून काय करायचं?”

“फुफी.”

“जेव गुमान. उशीर होईल. पुन्याला जायचंय न्हवं तुला?”

पाकिटांचा कागद करकरत होता. फुफीचे हात नेहमीपेक्षा भराभर चालले होते आणि तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

गुलनाज उठली. दुसरं ताट घेतलं, त्यात भाकरी, पिठलं, कांदा सगळं काढलं. मोकळं झालेलं ताट मोरीत नेऊन घासलं, विसळलं, ओढणीने पुसलं. स्टुलावर चढली. फळीवर एक गोल जागा होती, तिच्याभोवती धूळ होती, आत नव्हती. त्या गोल जागेत ताट पालथं घातलं आणि नाव दाराकडे येईल असं किंचित फिरवलं. कागदाची करकर थांबली होती.

“धूळ बसते,” गुलनाज स्टुलावरूनच म्हणाली.

मागून आवाज आला.

“हां.”

मग ती खाली उतरली, वहीचं एक पान काढलं आणि जेवण निवत असताना लिहायला बसली.

ग्रंथालयाबाहेरच्या बाकावर प्रेरणा मॅडम तिची वाट बघत होत्या. आत परीक्षकांच्या टेबलावर ‘खिंडीखालचा मुक्काम’ सदतिसाव्या पानावर उघडून ठेवलेलं, काचेतून दिसत होतं. पानावर ओळी ताडायची पट्टी होती.

“मिळाला दाखला?”

“मिळाला.”

“दे मग लवकर, तुझाच नंबर आहे.”

गुलनाजच्या हातात पारदर्शक फोल्डर होता. त्यातला राखेचा अंगठा बाहेरूनही दिसत होता. मॅडमनी तो पाहिला आणि हात पुढे केला. गुलनाजने फोल्डर काखेत धरला, पर्समधून घडी घातलेला वहीचा कागद काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. मॅडम उभ्या उभ्या वाचू लागल्या.

प्रति,
मा. बहिःस्थ परीक्षक,
मराठी विभाग.

विषय: अवतरणाचा स्रोत दुरुस्त करून मिळणेबाबत.

महोदय,

माझ्या निबंधातील ‘ताट पालथं घातलं म्हणजे माणूस येणार नाही असं नाही. धूळ बसत नाही, एवढंच’ हे अवतरण पान ३७ वरील असल्याचे मी लिहिले आहे. ते त्या पानावरील नाही, इतर कोणत्याही पानावरील नाही. ते श्रीमती मेहमुदा मकसूद तांबोळी, व्यवसाय चिक्की पॅकिंग, राहणार भांगरवाडी, लोणावळा, यांचे आहे. त्या माझ्या फुफी असून कथावाचनाच्या वेळी श्रोत्या म्हणून हजर होत्या. त्यांचे म्हणणे फोनने शुद्ध केले, त्यात त्यांचा दोष नाही.

सदर वाक्याचा अर्थ ‘आशा सोडली’ असा नाही. याबाबत मूळ कथेच्या लेखकांचे मत वेगळे आहे व त्यांचा मी आदर करते, परंतु वाक्य त्यांचे नाही.

तरी निबंधात जेथे जेथे ‘पान ३७’ असे आले आहे, तेथे तेथे ‘मेहमुदा तांबोळी, स्वयंपाकघर’ असे वाचण्यात यावे व निबंध ग्राह्य धरण्यात यावा. पडताळणी करावयाची असल्यास मूळ ताट आमच्या राहत्या घरी, मांडणीच्या वरच्या फळीवर, कोणत्याही दिवशी पाहावयास मिळेल. पाहून झाल्यावर ते होते तसेच पालथे ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.